उलटवलेले पाकीट

आमच्याकडे बाई गेली की तिच्या माहेरचे माणूस आल्याशिवाय तिला उचलत नाहीत. अंगावरचे शेवटचे लुगडे माहेरहून यावे लागते. सख्खा भाऊ नसेल तर चुलत चालतो, तोही नसेल तर मानलेला चालतो, पण कुणीतरी लागतेच. माती किती वाजता, असे विचारले तर उत्तर घड्याळातले मिळत नाही. 'माहेरची आली की', एवढेच सांगतात. मी सांगलीत एका दैनिकात जवळजवळ तीस वर्षे काम करतो आहे. निधनाच्या असंख्य बातम्या माझ्या हाताखालून गेल्या. त्यांत ही गोष्ट कधी लिहिलेली नसते, कारण वाचणाऱ्या प्रत्येकाला ती माहीत असते.

आई गेल्या पौषात गेली. कऱ्हाडजवळच्या मलकापूरच्या घरी, सकाळी सातच्या सुमारास. वय ऐंशीच्या आसपास. हृदय थकले होते, पायांवर सूज होती, दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितले होते. शेवटचा आठवडा ती फारसे बोलली नाही. सकाळी माझ्या बायकोने तिच्या तोंडात दोन चमचे पाणी घातले, त्यातला एक तिने घेतला. त्रास झाला नाही. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण नंतर भेटायला आलेल्या प्रत्येकाने पहिले तेच विचारले.

आठ वाजेपर्यंत अंगणात खुर्च्या आल्या. भावकीतले थोरले चुलते येऊन बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि मला म्हणाले, "कुंडलला कळवलं का?"

कुंडल हे आईचे माहेर. हा प्रश्न कधीतरी असाच, याच अंगणात विचारला जाईल, हे मला अठ्ठावीस वर्षे माहीत होते.

आईला एकच भाऊ. तिच्याहून सहा वर्षांनी लहान. तिनेच त्याला कडेवर घेऊन वाढवला. तिची शाळा चौथीत सुटली, ती त्याला सांभाळायला घरी कुणी नव्हते म्हणून. लग्न होऊन ती मलकापूरला आली तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि वरातीच्या बैलगाडीमागे ओढ्यापर्यंत चालत आला होता. हे ती सांगायची तेव्हा आवाजात काही नसायचे. ओढा किती लांब होता तेवढे मात्र दर वेळी सांगायची. पुढे वर्षानुवर्षे भाऊबीजेला मामा यायचे. एसटीतून उतरायचे, एका हातात गुळाची ढेप, दुसऱ्यात उसाची मोळी. ते आईला आक्का म्हणत. माझे वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, मितभाषी होते, पण मामा आले की दोघे रात्री जेवणानंतर पत्त्यांचा डाव मांडत.

मामांच्या मुलाचे लग्न ठरले तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. सांगलीत नोकरीला लागून आठ महिने झाले होते. खोली घेऊन राहत होतो आणि दर शनिवारी मलकापूरला जात होतो. लग्नाच्या पत्रिका सांगलीतच छापल्या होत्या. त्या न्यायला मामा आले आणि छापखान्यातून थेट आमच्या कार्यालयात आले. धोतराला चिखल होता. उसाला तोड आली होती. म्हणजे कारखान्याने पाठवलेली तोडणी टोळी त्यांच्या फडात उतरली होती. अशा वेळी शेतकरी फड सोडून हलत नाही. टोळी दुसरीकडे गेली तर पुन्हा कधी येईल याचा भरवसा नसतो. मामा त्या दिवशी दोन तासांसाठी आले होते आणि त्यांना संध्याकाळपर्यंत परत पोचायचे होते.

पहिली पत्रिका देवाला आणि दुसरी बहिणीला, अशी रीत. बहिणीला आवतण द्यायला भावाने स्वतः जायचे, उंबऱ्यात बसायचे, तिला कुंकू लावायचे, हातात पत्रिका आणि अक्षता द्यायच्या. मामांनी आमच्या टेबलावरच पत्रिकेच्या कोपऱ्याला हळद-कुंकू लावले, अक्षता कागदात बांधल्या आणि दोन्ही माझ्या हातात दिले.

"तू म्हंजी मीच समज," ते म्हणाले. "माझ्या नावानं आईला कुंकू लाव. तोड आली म्हणून सांग, ती समजून घील. आनि चार दिस आधी ये म्हणावं. घाण्याला पयला हात आत्याचा लागतो."

घाणा म्हणजे लग्नाआधी सुवासिनींनी जात्यावर धान्य आणि हळद भरडायची. नवऱ्या मुलाची आत्या जात्याला हात लावते, मग बाकीच्या. मी हो म्हणालो. मामांना चहा पाजला आणि स्टँडवर सोडले.

त्या शनिवारी एक सहकारी आजारी पडला आणि माझी सुट्टी रद्द झाली. पुढचे दोन दिवसही मला निघता आले नाही. सोमवारी दुपारी मी पत्रिका आणि अक्षता पाकिटात घालून टपालाच्या टेबलावर ठेवल्या. टपाल पाहणाऱ्या गृहस्थांना पत्ता सांगितला, तो त्यांनी त्यांच्या अक्षरात लिहिला. आमच्याकडे तेव्हा नवी पाकिटे फारशी वापरत नसत. रोज प्रसिद्धीपत्रकांची ढीगभर पाकिटे यायची. ती शिवणीवर उकलायची, उलटी करायची, पुन्हा चिकटवायची, की कोरी बाजू बाहेर येई. मी घेतले ते तसलेच एक पाकीट होते.

आत चिठ्ठी घातली नाही. 'मामांनी मला पाठवले आहे, तोड आल्यामुळे ते येऊ शकत नाहीत' एवढे लिहायला एक मिनिट लागले असते. पत्रिका पोचल्याशी कारण, असे तेव्हा वाटले असावे.

मी घरी गेलो तो पुढच्या गुरुवारी. लग्नाला चार दिवस राहिले होते. आई बांधाबांध करत असेल असे मी धरून चाललो होतो. ती सोप्यात बसून लसूण सोलत होती. मी चपला काढेपर्यंत तिने मान वर केली नाही. मग म्हणाली, "माझ्या भावानं मला पोस्टानं बोलावलं."

वडील आतून म्हणाले, "मास्तरला धाडत्यात, वाण्याला धाडत्यात, तशी धाडली. कुनी जायचं न्हाई."

मी माठातले पाणी घेतले आणि प्यालो. पत्रिका मी टाकली, एवढेच सांगायचे होते. सांगितले नाही. वडिलांचा राग हे एक कारण होते, पण ते खरे कारण नव्हे. आई रडत नव्हती, आणि ती न रडता लसूण सोलते आहे हे पाहून माझी जीभ उचलली नाही. उद्या सकाळी सांगू असे ठरवले. सकाळी वडील कामावर गेले होते, आई एकटी होती, तेव्हाही सांगितले नाही. एक दिवस गेला की दुसऱ्या दिवशी दोन गोष्टी सांगाव्या लागतात, चूकही आणि काल का बोललो नाही तेही. लग्न झाल्यावर तर तीन झाल्या.

कुंडलला घाण्याच्या दिवशी काय झाले ते मला खूप नंतर कळले. घाण्याची मांडणी करून बायका दुपारपर्यंत थांबल्या. मामांनी दोनदा फाट्यावर माणूस पाठवला. शेवटी शेजारच्या चुलत आत्याने जात्याला हात लावला. मामांच्या समजुतीप्रमाणे भाचा स्वतः घरी जाऊन निरोप सांगून आला होता. तरी बहीण आली नाही, म्हणजे तिला यायचे नव्हते. आईच्या समजुतीप्रमाणे भावाने पोस्टाचे तिकीट लावून तिला तोडले होते. दोघांचेही आपापल्या जागी बरोबर होते. मधला माणूस मी होतो आणि मी दर शनिवारी घरी जात होतो.

पुढची भाऊबीज आली, मामा आले नाहीत. कऱ्हाडला एका नातेवाइकाच्या लग्नात दोघे एकाच मांडवात बसले होते, पाठीला पाठ लावून. आई परत येताना म्हणाली, "त्याचे केस पांढरे झाल्यात." एवढेच.

चौदा वर्षांपूर्वी वडील गेले. नवरा गेला की बाईला माहेरचे लुगडे लागते, तेव्हाही तीच रीत. कुंडलला कळवायचे का, असे भावकीने विचारले आणि आईने मानेने नाही म्हटले. आमच्या गल्लीत बांगड्यांचे दुकान असलेले एक मुसलमान गृहस्थ होते. आई त्यांना दर वर्षी राखी बांधायची. ते कुणी न सांगता घरी गेले, पांढरे लुगडे घेऊन आले आणि आईच्या समोर ठेवून भिंतीला टेकून उभे राहिले. मी तिथेच होतो.

वर्तमानपत्रात चूक गेली की दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापतात. आमच्या कार्यालयात त्या दुरुस्त्या लिहायचे काम बरीच वर्षे माझ्याकडे होते. लोक म्हणत, तुमच्या दुरुस्त्या स्वच्छ असतात.

वडिलांच्या मागे आई मलकापूरच्या घरात एकटी राहिली. सांगलीला यायला ती तयार नव्हती. तिसऱ्या मजल्यावर मला वारा लागतो, म्हणायची. मी शनिवार-रविवार जात असे. माझी मुलगी मात्र मे महिन्याची सगळी सुट्टी तिच्याकडे असायची. दोघींचे जमायचे. आजी नातीला कुरडया घालायला बसवायची आणि नात आजीला मोबाइल शिकवायची. मोबाइल मोठ्या बटणांचा होता. आईला फोन घेता यायचा, लावता मात्र शेवटपर्यंत आला नाही. नंबर दाबताना ती मध्येच थांबून पहिले आकडे बरोबर आहेत का ते बघायची आणि फोन बंद व्हायचा.

आमचा पेपर ती शेवटच्या पानापासून वाचायची. निधनवार्ता आधी. एकेक अक्षर लावून, ओठ हलवत. मी समोर असलो की माझ्यावर टीका व्हायची.

"ह्या बाईचं सगळं लिवलंय. पोरं, सुना, नातवंडं, रक्षाविसर्जन कवा ते. माहेर कुठलं ते न्हाई."

मी म्हणायचो, जागा कमी असते.

"तिला व्हतं की न्हाई माहेर?"

ती हे म्हणायची तेव्हा मी विषय बदलायचो. तिच्या बोलण्यात टोमणा असेल का, हे मी नंतर पुष्कळ तपासले. बहुधा होता.

आणि बेदाणे. गेली दहाबारा वर्षे दर चैत्रात आईकडे बेदाण्यांची मोठी बरणी भरलेली असायची. गूळही चांगला असायचा, पिवळा, रवाळ. मी विचारले तर म्हणायची, बाजारातला. मी सांगलीला येताना एक डबा भरून आणायचो. कऱ्हाडच्या बाजारात तसा बेदाणा मिळतो का, हा प्रश्न मला कधी पडला नाही. बातमीदाराला पडायला हवा होता.

त्या सकाळी अंगणात चुलत्यांनी 'कुंडलला कळवलं का' असे विचारले, तेव्हा मी आलेल्या एकासाठी खुर्ची पुढे सरकवली. ते मला वाट काढून देत म्हणाले, "न्हाईतर बांगडीवाल्यांचा पोरगा हाय की. बापाच्या जागी त्यो आनंल."

तो तिथे आलेलाच होता. त्याचे वडील गेल्यावर तोच दुकान चालवतो. तो जवळ येऊन हळू म्हणाला की दुकाने दहाला उघडतील, पण कापडवाल्याच्या घरी गेले तर आत्ताही देईल, जाऊ का. सोय झाली होती. हो म्हटले असते तर दोन तासांत सगळे उरकले असते, कुणी काही विचारले नसते आणि मला पुन्हा कधी काही सांगावे लागले नसते.

मी त्याला थांब म्हणालो आणि मुलीला म्हणालो, कुंडलचा नंबर कुणाकडे मिळेल ते बघ.

"माझ्याकडे आहे," ती म्हणाली. तिने फोन लावला आणि माझ्या हातात दिला. तिच्याकडे तो कसा, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात आले नाही. ती आता एकवीस वर्षांची आहे, साताऱ्याला शिकते. रडून तिचे डोळे सुजले होते.

पलीकडून मामांचा आवाज आला. म्हातारा झाला होता, पण ओळखू आला. मागे गाडीचा आवाज होता. अंगणात वीस-पंचवीस माणसे होती. मी उभा राहिलो तिथूनच बोललो.

"मामा, मी बोलतोय. आई गेली, सकाळी सातला." मग थांबलो तर जमणार नाही म्हणून लगेच पुढचे बोललो. "मामा, लग्नाची ती पत्रिका मी पोस्टात टाकली होती. मी घरी गेलोच नव्हतो. तुमचा निरोप मी आईला कधीच दिला नाही. तिला वाटलं, तुम्हीच पोस्टानं पाठवली. तुमची चूक नव्हती, तिचीही नव्हती."

चुलत्यांनी गुडघ्यावरची टोपी उचलून डोक्यात घातली.

"बरं," मामा म्हणाले. "शेनोली मागं टाकलीया आमी. अर्ध्या तासात येतो. पानी तापवून ठेवा म्हणावं."

ते निघालेच होते. मला हे समजायला थोडा वेळ लागला. मी मुलीकडे पाहिले. ती म्हणाली, "मी सव्वासातला सांगितलं त्यांना."

अर्ध्या तासाने जीप दारात आली. मामेभाऊ गाडी चालवत होता. मामा काठी टेकत उतरले, कुणाशी न बोलता आत गेले आणि आईच्या उशाशी बसले. मागून वहिनी उतरल्या, मामांची सून. ज्या लग्नाला आम्ही गेलो नव्हतो त्या लग्नातली ही नवरी, आता पन्नाशीची. मी त्यांना पहिल्यांदा पाहत होतो. त्यांनी मात्र मला पाहून मान हलवली आणि थेट स्वयंपाकघरात गेल्या. पातेली कुठे आहेत हे त्यांना विचारावे लागले नाही.

त्यांच्या पिशवीत लुगडे होते. नऊवारी, सुती, फिक्या निळ्या रंगाचे, बारीक काठाचे. बायकांनी ते उलगडून पाहिले आणि कुणीतरी म्हणाले, घाईत आणूनही चांगले मिळाले.

"घाईत कशाचं," वहिनी म्हणाल्या. "आत्यांनीच पसंत केलंय. दोन वर्सं कपाटात हाय माझ्या."

मग त्यांनी सांगितले. दोन वर्षांपूर्वी आई कुंडलला गेली होती तेव्हा म्हणाली, चल, माझं लुगडं घेऊन ठेवू, तुम्ही ऐनवेळी काहीतरी झगमगीत आणाल. दोघी पलूसला दुकानात गेल्या. दुकानदाराने रेशमी दाखवले. आईने बाजूला सारले. मग एक हिरवट आवडले, ते तिने काठाला थुंकी लावून बोटाने चोळून पाहिले.

"आत्या म्हणल्या, ह्याचा रंग जाईल. मी म्हणलं, आवं आत्या, धुवायचंय कुनाला? तर दुकानात बसून अशा हसल्या, अशा हसल्या, की दुकानदारानं पाणी आणून दिलं."

आत बायका रडता रडता हसल्या. मी दाराच्या बाहेर उभा होतो. दोन वर्षांपूर्वी आई कुंडलला गेली होती, हे वाक्य मी मनात पुन्हा वाचले.

आंघोळ घालायला पुरुषांना बाहेर काढले. मामा माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले. बराच वेळ काठीने जमिनीवर रेघ ओढत होते.

"बारा वर्सं झाली," ते म्हणाले. "बारा वर्सं तुझी आई माज्याकडं येती. कऱ्हाडला डोळं दावायला जाती म्हणून सांगायची न्हवं तुला? डोळं चांगलंच व्हतं तिचं."

मी विचारले, मग मला का नाही सांगितले.

"मी म्हणलं व्हतं, भाच्याचा कान धरतो. तर आक्का म्हणाली, न्हाई. त्यानं सांगितलं तर ऐकून घे. न्हाई सांगितलं तर इचारू नको." त्यांनी रेघ पुसली. "आज सांगितलंस. माझं काम झालं."

हे ऐकून मला काय वाटले ते सांगायला मी मोठे शब्द वापरणार नाही. पाठीवरचे पोते कुणीतरी मागून उचलावे आणि वाकलेल्या माणसाने आधी तोल सांभाळावा, तसे झाले. मामांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, तो पाणी ओतल्याचा आवाज थांबेपर्यंत तिथेच होता.

दुपारी बाराच्या आत माती झाली. निधनाची बातमी मीच लिहिली. आठ ओळींची झाली. चौथ्या ओळीत 'माहेर कुंडल' असे घातले. पान लावणाऱ्या मुलाने ते काढू का म्हणून विचारले, मी राहू दे म्हणालो.

उरलेला भाग मुलीने तिसऱ्या दिवशी, सावडून आल्यावर सांगितला. ती नऊ वर्षांची असताना मे महिन्यात शाळेची वही सजवायला कागद शोधत होती. आजीच्या पेटीत तळाशी ते पाकीट होते. पत्रिका काढून ठेवून तिने पाकीट शिवणीवर उकलले. आतल्या बाजूला आमच्या दैनिकाचे नाव आणि 'संपादक यांस' असा पत्ता होता. ती आजीला म्हणाली, हे तर बाबांच्या ऑफिसचं पाकीट आहे, तुझ्याकडे कसं?

आजीने कागद हातात घेतला. एकेक अक्षर लावून वाचला. मग पाकिटाची दुसरी बाजू पाहिली, पुन्हा पहिली पाहिली. सोळा वर्षे ते तिच्या पेटीत होते आणि आतल्या बाजूला काय आहे ते पाहण्याचे तिला कारण पडले नव्हते. मुलीच्या आठवणीप्रमाणे ती रागावली नाही. उठून चहा केला. चहा पिऊन झाल्यावर म्हणाली, "एक नंबर लावून दे." नंबर तिने कुंडलच्या एका ओळखीच्या बाईकडून त्याच दिवशी मिळवला. फोनवर दोघे काय बोलले ते मुलीला आठवत नाही. आजी बराच वेळ नुसती ऐकत होती आणि शेवटी म्हणाली, "मग तोड किती दिवस चालली?" एवढे मात्र आठवते. दुसऱ्या दिवशी मामा स्वतः येऊन तिला घेऊन गेले. त्यानंतर फोन लावायचे काम सुट्टीत नातीकडे, एरवी शेजारणीच्या सुनेकडे. मामी वारल्या तेव्हाही आई कुंडलला होती. मला 'ओळखीत कुणी गेलंय' असे सांगितले होते आणि मी कोण म्हणून विचारले नव्हते. शेवटचे दोन महिने माझी बायको मलकापूरला आईजवळ होती, तेव्हा वहिनी दर बुधवारी येऊन जात. ते माझ्या बायकोलाही ठाऊक होते. घरात ज्याला सांगितले नव्हते असा माणूस मी एकटाच होतो.

मी मुलीला विचारले, आजी माझ्यावर चिडली होती का.

"मी पण विचारलं होतं तिला," मुलगी म्हणाली. "ती म्हणाली, चिडू कशाला. तो लहान असताना काचेची बरणी फोडून तीन दिवस जेवला नव्हता. ह्या येळंला जेवतोय तर जेवू दे."

पाकीट पेटीत आहे. त्याच दिवशी आजीने नातीकडून भाताच्या शितांनी ते परत चिकटवून घेतले होते, होते तसे, कोरी बाजू बाहेर ठेवून. एका कडेला शिते वाळून टणक झाली आहेत. आत पत्रिका आहे आणि कागदात बांधलेल्या अक्षता. अक्षतांचा रंग गेला आहे. मी ते शिवणीवर उकलले नाही.

आईने बारा वर्षे माझ्या सांगण्याची वाट पाहिली, असे मला आधी वाटत होते आणि त्याचा त्रास होत होता. आता तसे वाटत नाही. ती त्या काळात कुंडलला जात होती, बेदाणे आणत होती, दुकानात हसत होती. मी मात्र समजत होतो की आईचे माहेर मी तोडले आणि ती ते तुटलेले घेऊनच जाणार. ते तसे नव्हते. एवढे कळल्यावर माझी झोप परत आली.

यंदा वैशाखात मामांच्या नातवाचे लग्न आहे. गेल्या आठवड्यात मामा आणि वहिनी सांगलीला आले. तिसऱ्या मजल्यापर्यंत मामा दोनदा बसत आले. उंबऱ्यात बसून त्यांनी माझ्या मुलीला कुंकू लावले, पत्रिका आणि अक्षता हातात दिल्या आणि घाण्याला चार दिवस आधी ये म्हणाले. आत्याच्या जागी आता तिने जात्याला हात लावायचा, असे कुंडलला ठरले आहे. रीतीत ते बसते की नाही, ते मला माहीत नाही. मामा म्हणाले, बसवू.

निघताना त्यांनी पिशवीतून आणखी पाच पत्रिका काढल्या. सांगली-मिरजेतल्या नातेवाइकांच्या होत्या. प्रत्येकीच्या कोपऱ्याला कुंकू लावलेले होते.

"माझं गुडघं चालंनात," ते म्हणाले. "तू देतोस का नेऊन? का पोस्टात टाकतोस?"

वहिनींनी पदर तोंडाला लावला. मी पत्रिका घेतल्या. त्याच दिवशी दुपारी निघालो आणि संध्याकाळी सातपर्यंत पाचही देऊन आलो. मिरजेतल्या एका घरी कुलूप होते. शेजारी म्हणाले, द्या आमच्याकडे, आल्यावर देऊ. मी नको म्हणालो आणि त्या बंद घराच्या पायरीवर बसून राहिलो. पाऊण तासाने ते लोक आले.